नववीतल्या पोराला वळण लावायचं कुणी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईने विचारलं आहे: "मुलगा नववीत आहे. कन्नडच्या तासाला त्याने मॅडमना उलट उत्तर दिलं. त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत एका पोराला आईवरून शिवी दिली. मला शाळेत बोलावून सगळ्यांसमोर म्हणाले, घरी संस्कार कमी पडलेत. माझे मालक गोव्यात कामाला, महिन्यातून दोनदा येतात. घर, शेत, म्हशी, सासूबाई सगळं माझ्यावर. पोरगा सकाळी आठच्या बसला जातो तो संध्याकाळी सहाला येतो. दिवसभर जो शाळेत असतो त्याला वळण लावायचं काम माझं की शाळेचं?"

ताई, तुम्हाला चारचौघांत जे ऐकवलं ते ऐकवायला नको होतं. या सीमाभागातल्या मराठी हायस्कुलांत मी आयुष्यभर शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. पालकाला खाली मान घालायला लावून कुणाचं पोर सुधारलेलं मी पाहिलं नाही. आपल्यामुळे आईला बोलणी बसली हे पोराला बरोबर कळतं, आणि तो राग ते पुन्हा शाळेवरच काढतं.

तरीही तुमच्या मनासारखं सगळं मला लिहिता येणार नाही. पोराला वळण लावायची पहिली जबाबदारी घराचीच. त्यानंतर शाळेची. आणि घर-शाळेच्या मधे जे दोन-तीन तास उरतात, बसमधले, स्टँडवरचे, कोपऱ्यावरच्या दुकानापाशी घालवलेले, त्यांची जबाबदारी आज कुणीच घेत नाही. पोरं हाताबाहेर जातात ती बहुतेक तिथं, असं माझं ठाम मत आहे.

आधी घराचं बोलू. आपल्याकडच्या कन्नड शाळांच्या भिंतींवर एक ओळ रंगवलेली असते: "मनेये मोदल पाठशाले, जननी ताने मोदल गुरुवु." घर ही पहिली शाळा आणि आई हीच पहिली गुरू. ओळ गोड आहे, मलाही आवडते. पण तिचा आधार घेऊन आपण सगळा भार एकट्या आईवर टाकून मोकळे झालो आहोत. पालकसभेला बघा, बाकांवर नव्वद टक्के बायकाच असतात. बाप गोव्यात, पुण्यात, नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत पाळीला. जे गावात असतात तेही म्हणतात, "शाळेचं काय ते तीच बघते." म्हणजे पोर पास झालं तर बापाचं नाव आणि शिवी दिली तर आईचे संस्कार. ही वाटणी मला मान्य नाही.

तुमचा मुलगा मॅडमना उलट बोलला. मी तुमच्या जागी असते तर पहिली चौकशी ही केली असती की तो गणिताच्या सरांनाही असंच बोलतो का. सरांसमोर गप्प आणि मॅडमसमोर तोंड वर, असं असेल तर बाईमाणसाशी असं बोललं तर चालतं, हे तो कुठंतरी शिकला आहे. घरात तुमच्याशी कोण कसं बोलतं? सासूबाई, दीर, मालक फोनवर? "तुला काय कळतंय, गप बस" हे वाक्य पोराच्या कानावर रोज पडत असेल तर ते तो जसंच्या तसं उचलणार. बीएडला आम्हाला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुराचा १९६१ सालचा प्रयोग शिकवला होता. मोठं माणूस एका बाहुलीला मारतं आहे, तिला टाकून बोलतं आहे, हे ज्या लहान मुलांनी पाहिलं त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे खेळायला सोडल्यावर त्या बाहुलीला तसंच मारलं, बऱ्याचदा त्याच शब्दांसकट. मारायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून बापाचा वाटा लांब राहूनही संपत नाही. मालक शनिवारी आले की काय होतं, आठवून बघा. ते उंबऱ्यात पाय ठेवतात न ठेवतात तोच तक्रारींचा पाढा सुरू होतो, ते दमून आलेले असतात, दोन थपडा लगावतात, आणि रविवारी रात्री जाताना वाईट वाटून हातात पाचशेची नोट ठेवतात. पंधरा दिवसांतलं बापाचं शिकवणं एवढंच. त्यापेक्षा रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं फोनवर बोलायला लावा, आणि त्यात मार्कांचा विषय नको. आज बसला जागा मिळाली का, डब्यात काय होतं, कुणाशी भांडण झालं का, एवढंच. आणि पोरगा ऐकत असताना त्यांनी तुमचीही विचारपूस करावी: भातलावणीची नट्टी कुठवर आली, कंबर दुखते म्हणत होतीस ती कशी आहे. बायकोशी नीट बोलणारा बाप पोराच्या कानावर रोज पडला तर त्याचा उपयोग कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त होतो.

आता कन्नडच्या तासाचं. हा विषय आपल्या भागात नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. मराठी माध्यमाच्या पुष्कळ मुलांना कन्नड लिपी सातवी-आठवीपर्यंत धड वाचता येत नाही. नववीत उभं करून धडा वाचायला सांगितला की पोरगं अडखळतं, मागून कुणीतरी हसतं, आणि मिसरूड फुटायच्या वयातल्या पोराला ते सहन होत नाही. "येत नाही" म्हणण्यापेक्षा उर्मट दिसणं त्याला सोपं जातं. असे तास मी पुष्कळ पाहिलेत. तुमच्या मुलाचं असंच झालं असेल तर हा प्रश्न आधी वाचनाचा आहे. मॅडमनी त्याला आठवडाभर तासाआधी दहा मिनिटं बसवून वाचून घ्यावं. ते शाळेचं काम आहे, आणि ते तुम्ही हक्काने मागा.

याला दुसरीही बाजू आहे. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासूनचं सीमाप्रश्नाचं दुःख आपल्या घराघरांत आहे. माझ्याही घरात आहे, मराठी शाळा टिकाव्यात म्हणून मी झटले आहे. पण ओसरीवर बसून मोठी माणसं कन्नड माणसाबद्दल तोंडाला येईल ते बोलतात, तेव्हा कोपऱ्यात अभ्यासाला बसलेलं पोर ते टिपून घेतं आणि दुसऱ्या दिवशी कन्नडच्या मॅडमवर काढतं. मॅडमनी त्याचं काहीच बिघडवलेलं नसतं. मोठ्यांचं भांडण मोठ्यांनी सनदशीर मार्गाने चालवावं. वर्गात शिकवायला उभी आहे ती गुरू, तिची भाषा कुठलीही असो.

शाळेचा वाटाही काही लहान नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायलाही बंदी घातली. तो कायदा आठवीपर्यंतचा, पण वरच्या वर्गातल्या मुलाला मारलं-छळलं तरी बाल न्याय कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. छडी गेली याचा मला आनंद आहे. पण छडी गेल्यावर तिच्या जागी काय आणायचं याचा पुष्कळ शाळांनी विचारच केला नाही. "मारायचं नाही ना, मग तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून कित्येक शिक्षकांनी हात झटकले. तुम्हाला ऐकवलेलं वाक्य त्यातूनच आलं असणार. घरी कितीही चांगले संस्कार असले तरी काही गोष्टी घरी शिकवताच येत नाहीत. रांगेत थांबणं, आपल्या आवडत्या मित्राला आणि नावडत्या पोराला एकच नियम लागू होणं, वर्गात हरल्यावरही उद्या त्याच बाकावर येऊन बसणं, हे चाळीस मुलांतच शिकता येतं. तिथं घर कमी पडलं म्हणता येणार नाही.

एक उदाहरण सांगते. अक्षर दासोह योजनेचं दुपारचं जेवण आपल्या शाळांत दहावीपर्यंत मिळतं. आमच्या एका शाळेत जेवण झालं की मुलगे ताटं नळापाशी टाकून सरळ मैदानात पळायचे, आणि मुली आपल्या ताटाबरोबर त्यांचीही धुऊन ठेवायच्या. कुणी सांगितलेलं नव्हतं, घरी जे चालतं तेच शाळेत आलं होतं. आम्ही नियम केला की ज्याचं ताट त्याने धुवायचं. फळ्यावर लिहून काही झालं नाही. मग पीटीचे सर रोज मुलांच्या रांगेत स्वतःचं ताट घेऊन उभे राहायला लागले. नळावर खरवडून, सांबारचा तेलकट कडा राखेने घासून, पालथं घालायचे आणि मगच मैदानात जायचे. पोरं आधी हसली, मग एकेक करून रांगेत आली. आठवीतला एक मुलगा मात्र अडून बसला: "आमच्यात पोरं ताट धूत नाहीत." दुसऱ्या दिवशी त्याची आज्जी काठी टेकत आली. "मास्तर, आमच्या पोराला भांडी घासायला शाळेत धाडलंय काय?" सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "आज्जी, माझंही मीच धुतोय, बघा या." आज्जी नळापाशी उभ्या राहून बघत राहिल्या, काही न बोलता घरी गेल्या. पोरगा धुसफुसत का होईना, ताट धुवायला लागला.

त्या पोराच्या घरी तीन बहिणी होत्या. घराने त्याला जे शिकवलं होतं ते शाळेने मोडलं, आणि ते मोडायलाच हवं होतं. म्हणून "संस्कार हे घरचंच काम" असं शाळेने म्हटलेलं मला पटत नाही. घर चुकीचं शिकवत असेल तर तिथं शाळेनेच उभं राहायचं असतं.

आता त्या मधल्या तासांकडे येते. तुम्ही लिहिलंय, आठला जातो, सहाला येतो. शाळा दहा ते साडेचारच्या आसपास. म्हणजे जाता-येता मिळून तीन-साडेतीन तास पोरगा ना तुमच्या नजरेत ना शाळेच्या. २०२३ मध्ये शक्ती योजना सुरू झाली, बायकांचा प्रवास फुकट झाला, चांगलंच झालं. पण गावाकडच्या बसला गर्दी वाढली, आणि मोठी पोरं दारात लोंबकळत जातात. तिथं वयाने मोठ्या पोरांच्या तोंडी जी भाषा असते ती नववीतलं पोर आठवड्यात उचलतं. आईवरून शिवी त्याने तुमच्याकडून घेतली नाही, मॅडमकडूनही नाही. बसमधून, स्टँडवरून, मोबाइलवरच्या खेळातल्या गप्पांतून घेतली असणार.

पूर्वी हा मधला वेळ गावाचा असायचा. "अमक्याचा ना रे तू?" एवढं कुणी विचारलं तरी पोर सरळ व्हायचं. आता कुणी विचारत नाही, आणि त्याला कारण आपण पालकच आहोत. शेजाऱ्याने सांगितलं, "तुमचं पोरगं स्टँडवर सिगारेट ओढणाऱ्यांत उभं होतं," तर आपण पोराला विचारायच्या आधी शेजाऱ्यालाच सुनावतो, "तुमचं तुम्ही बघा." तो माणूस पुन्हा कधी सांगायला येत नाही. ताई, हे दार तुम्ही उघडा. बसचे कंडक्टर बहुधा ठरलेले असतात, स्टँडसमोरच्या चहावाल्याला सगळी पोरं माहीत असतात. दोघांना स्वतः भेटून सांगा, "माझा पोरगा हा, काही वावगं दिसलं तर त्याला टोका आणि मला कळवा, मी तुमच्यावर रागावणार नाही." आणि कुणी कळवलं तर खरंच रागावू नका.

दुकानदारांबद्दल मला फार वाटतं. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला बंदी घातली, कर्नाटकाने २०२५ मध्ये ते वय २१ केलं, आणि शाळा-कॉलेजपासून १०० मीटरच्या आत तर कुणालाच विकता येत नाही. निपाणीकडे तर तंबाखूवर आणि विडीवर कित्येक घरं चालली, बायकांनी सुपात पानं घेऊन रात्र-रात्र विड्या वळल्या, तिथं हा विषय सोपा नाही हे मी जाणते. तरी आज्जा नातवाला हाक मारून सांगतो, "कोपऱ्यावरनं पुडी घेऊन ये जा," दुकानदार देतो, आणि आपल्याला त्यात काही वाटत नाही. तेच पोर दोन वर्षांनी स्वतःसाठी पुडी घेतं तेव्हा सगळे विचारतात, हे कुणी शिकवलं.

गाडीचंही तसंच. नववी-दहावीतली पोरं बापाची मोटारसायकल घेऊन डेअरीला दूध घालायला जातात, आणि घरात कौतुक असतं, "आमचा आत्ताच गाडी मारतो." २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन मिळत नाही. किल्ली आपण देतो, मग जबाबदारीही आपलीच. इथं कायद्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर अगदी सरळ देऊन टाकलं आहे.

बेळगाव शहरात आणि आजूबाजूच्या गावांत गल्लीचे पंच असतात, गणपतीची आणि शिवजयंतीची मंडळं असतात. माझ्या दृष्टीने हीच तिसरी शाळा, आणि तिला कुणी जाब विचारत नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांची तयारी बघा. वर्गात दहा मिनिटं स्वस्थ न बसणारं पोर मावळ्याचा वेश करून रात्री उशिरापर्यंत ट्रॉलीवर एका जागी उभं राहतं, भाला खाली येऊ देत नाही. आधी पंधरा दिवस तालमीला वेळेवर येतं, मोठ्यांनी टोकलं की ऐकतं, कारण तिथं त्याच्यावर काहीतरी सोपवलेलं असतं आणि न केलं तर सगळ्या गल्लीचं नाव जातं. हे पाहिलं की हे पोर ऐकतच नाही असं मला म्हणवत नाही. पण त्याच मंडळातले थोरले डॉल्बीसमोर पिऊन नाचताना दिसले तर तेही पोर शिकतं. पंचांनी वर्गणीचा हिशेब जसा चोख ठेवायचा तसंच अठराच्या आतलं पोर आपल्या मंडपात काय बघतं याचंही उत्तर द्यायला हवं. मंडळाच्या बैठकीत हा विषय निघतच नाही, तो आता काढायला हवा.

खानापूर भागातल्या पुष्कळ गावांत संध्याकाळी देवळात हरिपाठ होतो. तुमच्या गावात होत असेल तर मुलाला तिकडे ढकलून पाठवू नका, थोरल्या कुणाबरोबर टाळ धरायला पाठवा. देवभक्ती व्हावी म्हणून सांगत नाही. वारकऱ्यांची एक रीत मला फार मोलाची वाटते. तिथं भेटल्यावर वयाचा, जातीचा विचार न करता एकमेकांच्या पाया पडतात. सत्तर वर्षांचा माळकरी चौदा वर्षांच्या पोरासमोर वाकतो. ज्या पोराला आयुष्यात फक्त "मोठ्यांचा मान राख" एवढंच ऐकवलं गेलं, त्याला आपलाही कुणी मान राखतं हे तिथं पहिल्यांदा कळतं. मॅडमचा मान राखणं मग त्याला जड जात नाही.

शेवटी पोराचं स्वतःचं. नववीतला मुलगा लहान नाही. तुमची, शाळेची, गावाची जबाबदारी मान्य केली तरी जीभ त्याची होती. त्याला सगळ्यांसमोर "सॉरी म्हण" म्हणून उभं करू नका, शाळेलाही करू देऊ नका. तो शब्द पोरं आता पाणी प्यावं तितक्या सहज म्हणतात. ज्या मुलाला शिवी दिली त्याच्याकडे त्याने एकट्याने जावं, काय बोललो ते स्वतःच्या तोंडाने सांगावं आणि ते चुकलं म्हणावं. तुम्ही लांब उभ्या राहा. मॅडमकडेही तसंच, आणि जाताना कन्नडचं पुस्तक बरोबर असू दे, म्हणजे वाचनाची गोष्ट तिथंच काढता येईल.

भेटीला एकट्या जाऊ नका. मालकांना एक दिवसाची रजा काढून यायला सांगा. शनिवारी शाळा सकाळची असते, मुलं सुटल्यावर शिक्षक निवांत भेटतात. मॅडमना आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्या, आणि बोलणं ऑफिसात चारचौघांत न होता रिकाम्या वर्गात व्हावं असं आधीच सांगून ठेवा.